गन शोमधल्या डीलरकडून बंदूक घेणं परवडतं का?

फ्रिस्कोकर
नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहतो, मागच्या वर्षी सिटिझन झालो. ऑफिसातल्या लोकांबरोबर रेंजवर जाऊन जाऊन गोडी लागली, बायकोलाही लागली (तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, इथेच सांगून टाकतो नाहीतर ती आयडी काढून प्रतिसाद देईल). आता भाड्याची पिस्तुलं पुरे, स्वतःची घेऊ असं ठरलंय. डोक्यात दोन आहेत. एक ग्लॉक १९ पिस्तूल आणि एक रुगर १०/२२, म्हणजे पॉइंट टू टूची छोटी रायफल, निव्वळ टार्गेटसाठी.

ऑफिसातला एक जण म्हणतो दुकानात जाऊच नकोस, गन शोला जा, शंभर डीलर एका छताखाली, भाव आपोआप पडतो. दुसरा म्हणतो गन शो म्हणजे जत्रा, तिथे जायचं, फिरायचं, खायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. मला अनोळखी माणसाकडून पार्किंग लॉटमध्ये वगैरे काही घ्यायचं नाहीये, लायसन्सवाल्या डीलरकडूनच आणि सगळे कागद रीतसर करून. प्रश्न एवढाच की डीलरकडूनच घ्यायची तर ती शोमध्ये घेण्यात खरंच फायदा आहे का? अमेरिकेत कोणी घेतली असेल तर सांगा.

"बंदूक हवीच कशाला" यावर वेगळा धागा काढा प्लीज, हात जोडतो.

आळशी_अप्पा
पहिला नंबर! बंदूक हवीच कशाला?

फ्रिस्कोकर
अप्पा :) येणार माहीत होतं, पण दोन मिनिटांत?

ह्यूस्टनचे_काका
बरीच वर्षं टेक्सासात आहे, शोला दरवर्षी जातो, घेतो कमी, बघतो जास्त. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नवीन की जुनी यावर आहे.

नवीन ग्लॉक १९ दुकानात साधारण साडेपाचशे ते सहाशे डॉलरला मिळते. शोमध्येही तेवढ्यालाच, कधी वीस-तीस डॉलर जास्तच. कारण सरळ आहे, त्या डीलरने टेबलाचं भाडं भरलंय, दोन रात्री हॉटेलात काढल्यात, एक हाताखालचा माणूस आणलाय, ते पैसे कुणाकडून काढणार? त्यात तू गेटवर दहा-पंधरा डॉलर तिकीट देणार, पार्किंग वेगळं, बायको बरोबर म्हणजे दोन तिकिटं. सेल्स टॅक्स इथेही आणि तिथेही सव्वाआठ टक्के. काही जण बोर्डावर भाव टॅक्स सोडून लिहितात, काही धरून, आणि कार्ड दिलं की वर तीन टक्के लावतात, ते आधी विचार. सगळी बेरीज करून मग ठरव स्वस्त काय ते. नवीन १०/२२ तर थँक्सगिव्हिंगच्या सेलला मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात मिळेल त्या भावात शोमध्ये मला कधी दिसली नाही.

जुन्या मालाची गोष्ट वेगळी. पोलीस खात्याने बदलून टाकलेली पिस्तुलं, जुनी स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हरं, कुणाच्या तरी आजोबांच्या शॉटगन, असला माल एका जागी एवढा कुठल्याच दुकानात दिसत नाही. माझ्याकडची सगळ्यात आवडती रिव्हॉल्व्हर शोमधल्या डीलरचीच आहे आणि ती दुकानात शोधून सापडली नसती.

तात्या_प्लानो
काकांना अनुमोदन, पण एक भर. शनिवारी सकाळी गेलात तर निवड चांगली, रविवारी दुपारी तीननंतर गेलात तर भाव चांगला. डीलरला तो सगळा लोखंडाचा पसारा परत व्हॅनमध्ये चढवायचा असतो. रोख पैसे हातात दिसले की पुढचं बोलणं सोपं होतं. आणि फोनवर गनब्रोकर या लिलावाच्या साइटवरचे झालेल्या सौद्यांचे भाव उघडून ठेवा, लोकांनी मागितलेले नाही, झालेले. मागायला काय, कुणीही काहीही मागतं.

पुण्याची_पण_कोलंबसची
माझा अनुभव लिहिते, कारण या भागाबद्दल कुणी आधी सांगत नाही.

ओहायोत राहते, ग्रीनकार्ड आहे. नवऱ्याच्या नादाने ट्रॅप शूटिंग सुरू केलं, मातीच्या उडत्या थाळ्या फोडायच्या तो प्रकार. शोमध्ये एका डीलरकडे वापरलेली शॉटगन आवडली, भाव ठरला, फॉर्म ४४७३ भरला, म्हणजे डीलरकडून घेताना भरायचा सरकारी फॉर्म, त्यावरून एफबीआयकडे तुमचा बॅकग्राउंड चेक होतो. ग्रीनकार्डवाल्यांना त्यात एलियन नंबर द्यावा लागतो आणि मग एफबीआयवाले इमिग्रेशनकडे वेगळी चौकशी करतात. सिटिझनचं पाच मिनिटांत "प्रोसीड" येतं, माझं आलं "डीले". आणि वार शनिवार.

डीले म्हणजे नकार नव्हे, पण तीन कामाचे दिवस थांबायचं, तोवर उत्तर आलं नाही तर डीलर स्वतःच्या जबाबदारीवर देऊ शकतो, द्यायलाच पाहिजे असं नाही. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. म्हणजे सोम, मंगळ, बुध गेले, गुरुवारी मिळू शकते. पण गुरुवारी शो कुठे असतो? हॉल रिकामा, डीलर आपल्या गावी. त्याचं गाव माझ्या घरापासून दोन तासांवर. पुढच्या शनिवारी दोन तास जायला आणि दोन तास यायला गाडी मारली तेव्हा शॉटगन घरी आली. शोमध्ये चाळीस डॉलर वाचवले होते, ते पेट्रोलमध्ये आणि वाटेत चिडून खाल्लेल्या दोन बर्गरांत गेले.

म्हणून शोमध्ये डीलरला पहिला प्रश्न भाव काय असा विचारू नका. दुकान कुठे आहे ते विचारा.

फ्रिस्कोकर
ताई, हे सोन्यासारखं लिहिलंत. हा कोन डोक्यातच आला नव्हता. मी आता सिटिझन आहे म्हणजे मला हा त्रास नाही ना?

पुण्याची_पण_कोलंबसची
शक्यता कमी, शून्य नाही. नावाचं साम्य असलं तरी डीले येतो. तुमचं आडनाव पाटील असेल तर देव बरा करो. सारखा सारखा येत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून एक खास नंबर मिळतो, तो फॉर्मवर लिहिला की पुढच्या वेळी घोळ कमी होतो.

आणि लायसन्सवर जसं नाव आहे तस्संच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये येतं, कधी गायब, पासपोर्टवर एक आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं. पत्ताही लायसन्सवरचा आणि राहता एकच पाहिजे, घर बदलून लायसन्स बदललं नसेल तर शोमध्ये डीलर सरळ परत पाठवतो.

तात्या_प्लानो
टेक्सासवाल्यांसाठी: एलटीसी, म्हणजे हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) बाळगायचं राज्याचं लायसन्स असेल तर डीलरला फोन करून चेक करावाच लागत नाही. फॉर्म भरायचा, लायसन्स दाखवायचं, माल घेऊन बाहेर. आता इथे हँडगन बाळगायला ते सक्तीचं राहिलेलं नाही, २०२१ पासून, तरी मी रिन्यू करतो ते फक्त एवढ्यासाठी.

जर्सीकर
तुमच्या गप्पा वाचून मजा वाटतेय. आमच्याकडे एडिसनमध्ये आधी पोलीस स्टेशनातून आयडी कार्ड काढायचं, त्याला बोटांचे ठसे, दोन ओळखीच्या माणसांची शिफारस, मानसिक आरोग्याच्या नोंदींची तपासणी. मग प्रत्येक हँडगनसाठी वेगळा परवाना. शेजारच्या जोशीकाकांना शिफारशीसाठी फॉर्म पाठवला तर त्यांनी आधी माझ्या बायकोला फोन करून "घरी सगळं ठीक आहे ना" विचारलं.

शो वगैरे इथे नावालाच. पेनसिल्व्हेनियात होतात, तास-दीड तासावर. तिथून घेता येते का?

ह्यूस्टनचे_काका
हँडगन नाही. हँडगन डीलर फक्त त्याच राज्याच्या रहिवाशाला हातात देऊ शकतो. आवडली तर पैसे भर, तो तुझ्या जर्सीतल्या डीलरकडे कुरियर करेल, तिथे तुझे सगळे सोपस्कार, वर ट्रान्सफर फी. रायफल किंवा शॉटगन दुसऱ्या राज्यातला डीलर देऊ शकतो, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळून. जर्सीचा पत्ता बघितल्यावर बरेच डीलर ती भानगड नको म्हणून हात वर करतात.

याची उलटी बाजू पण लक्षात ठेवा. डीलरचं लायसन्स ज्या राज्यातलं, त्याच राज्यातल्या शोमध्ये तो जागेवर विकून हातात देऊ शकतो. परराज्यातला डीलर टेबल लावेल, ऑर्डर घेईल, पण माल स्थानिक डीलरमार्फतच.

बे_एरिया_बाई
कॅलिफोर्नियात हा प्रश्नच मिटलाय. २०२३ पासून सरकारी मालकीच्या मैदानांवर बंदुका आणि गोळ्यांची विक्री बंद, आणि मोठे शो सगळे तिथेच व्हायचे. कोर्टात गेले होते आयोजक, २०२४ मध्ये नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने बंदी कायम ठेवली. दहा दिवस थांबायचा नियम तर शोलाही होताच, त्यामुळे शोमधून घेऊन घरी आलो असं इथे कधी झालंच नाही. जुलै २०२४ पासून वर अकरा टक्के वेगळा कर. फ्रिस्कोकर, तुम्ही सुखी आहात.

आळशी_अप्पा
ताई, घरांच्या किमती बघता तुमच्याकडे चोर तरी कुठे राहायला येणार.

मीनल_डेन्व्हर
सगळे भाव आणि पार्किंगवर बोलताय, मला मूळ गोष्टच खटकते. गन शो लूपहोल हा शब्द कुणी ऐकलाय की नाही? म्हणजे लायसन्स नसलेल्या खाजगी विक्रेत्याकडून चेक न होताच बंदूक घेता येते ती पळवाट. कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेला गोळीबार इथून अर्ध्या तासावर झाला. १९९९. त्यातल्या तीन बंदुका त्या मुलांच्या मैत्रिणीने गन शोमध्ये खाजगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या, मुद्दाम अशा टेबलांवर गेले जिथे बॅकग्राउंड चेक नाही. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोत लोकांनी मतदान करून शोमधल्या प्रत्येक विक्रीला चेक सक्तीचा केला. टेक्सासात आजही खाजगी विक्रीला नाही. अशा ठिकाणी तिकीट काढून जाणं म्हणजे त्या सगळ्याला पैसे पुरवणं नाही का?

तात्या_प्लानो
मीनलताई, धागाकर्ता डीलरकडून घेणार म्हणतोय. डीलर शोमध्ये बसला म्हणून त्याचा कायदा बदलत नाही, तोच ४४७३, तोच चेक. लूपहोल आहे तो खाजगी विक्रीचा, आणि ती घरी, पार्किंगमध्ये, कुठेही होते, शोचा त्याच्याशी संबंध तेवढाच. आणि सरकारचाच २०१६ चा कैद्यांचा सर्व्हे आहे, ज्यांच्याकडे गुन्ह्याच्या वेळी बंदूक होती त्यातल्या एक टक्क्याहून कमी लोकांनी ती गन शोमधून आणलेली, सगळ्यात जास्त आली रस्त्यावरच्या चोरबाजारातून, चाळीस टक्क्यांच्या वर.

मीनल_डेन्व्हर
आणि चोरबाजारात ती आकाशातून पडली का? कुणीतरी कुठूनतरी चेक न करता घेऊन पुढे विकलीच ना. तो सर्व्हे शेवटच्या हाताला विचारतो, पहिल्या हाताला नाही. शिवाय तुमच्याच शोमध्ये दर महिन्याला तीच वीस पिस्तुलं घेऊन बसणारे "हे माझं वैयक्तिक कलेक्शन आहे हो" वाले असतात की नाही?

ह्यूस्टनचे_काका
असतात. मी बघितलेत. टेबलामागे "खाजगी कलेक्शन" अशी पाटी आणि सगळा माल डब्यात, नवा कोरा. असल्यांनी लायसन्स काढावं असा एटीएफने, म्हणजे बंदुकांचे कायदे बघणाऱ्या फेडरल खात्याने, २०२४ मध्ये नियम आणला, तो आमच्या टेक्सासपुरता कोर्टाने लगेच अडवला. माझं मत विचाराल तर मीनलचं बरोबर आहे, असल्या टेबलावर मी उभाच राहात नाही. पण तो त्या माणसाचा दोष झाला, शेजारच्या टेबलावरच्या लायसन्सवाल्या म्हाताऱ्याचा नाही.

निवांत_नाना
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शोमध्ये केटल कॉर्न छान मिळतं म्हणे.

तात्या_प्लानो
केटल कॉर्न आणि बीफ जर्की. प्रत्येक शोमध्ये जर्कीची इतकी टेबलं असतात की चुकून जर्की शोला आलो की काय वाटतं. बाकी चाकू, जुनी नाणी, टी-शर्ट, बायकांच्या पर्सेस, एक माणूस मसाजचं मशीन विकत असतो. बंदुका त्यातून शोधायच्या.

बेंटनविलचा_बाळ्या
तुम्ही टल्साचा शो बघितलेला दिसत नाही. एप्रिल आणि नोव्हेंबर, वर्षातून दोनदा, अकरा एकर, एका छताखाली चार हजारांवर टेबलं. आमच्या अर्कन्सॉच्या या कोपऱ्यातून दोन तास. तिथे जर्की नाही, निम्मे लोक म्युझियममध्ये शोभेल असा माल घेऊन येतात.

तिथला किस्सा. एका डीलरच्या रांगेत जुन्या एनफिल्ड रायफली लावल्या होत्या, हात लावायला गेलो तर एकीच्या पट्ट्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि खाली आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर! चीनच्या युद्धानंतर आपल्याकडे जुन्या थ्री नॉट थ्रीच्या धर्तीवर ७.६२ ची बोल्ट अॅक्शन केली होती, टू ए आणि नंतर टू ए वन, मॅगझिन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. त्या नंतर सरप्लस म्हणून जहाजं भरून अमेरिकेत आल्या, एकेकाळी शंभर-दीडशे डॉलरला ढिगाने मिळायच्या. आता पाचशेच्या खाली बोलत नाहीत. मी त्या डीलरला म्हटलं हे मी वाचू शकतो, हे आमच्याकडचं आहे, तर म्हातारा इतका खूश झाला की त्याने पाच अजून काढून दाखवल्या आणि कुठली मूळ लाकडाची आणि कुठल्या लाकडाला मागाहून कुणी रंधा मारलाय ते तासभर शिकवलं. वर साठ डॉलर कमी केले. लायसन्स ओक्लाहोमातलं, मी अर्कन्सॉचा, पण रायफल असल्याने तिथेच फॉर्म भरून हातात मिळाली.

हे दुकानात होत नाही भाऊ. दुकानातल्या पोराला इशापूर कशाशी खातात माहीत नसतं.

पुण्याची_पण_कोलंबसची
अय्या! फोटो टाका.

खडकीचा_नातू
बाळ्या, तू विषय काढलास म्हणून. माझे आजोबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, १८६९ ची फॅक्टरी. मागे अटलांटाजवळच्या शोमध्ये एका डीलरकडे सुट्या जुन्या .३०३ गोळ्यांचा डबा होता, ज्याच्या त्याच्या देशाप्रमाणे वेगळ्या केलेल्या. एकीच्या बुडाशी के आणि एफ. तीच खडकी. दोन डॉलरला एक. चार घेतल्या, एक आजीला दाखवायला फोटो काढून पाठवला तर म्हणाली "मेल्या त्यांनी आयुष्यभर एक घरी आणली नाही आणि तू पैसे देऊन आणल्यास".

पण बजावून सांगतो, असल्या जुन्या गोळ्या झाडायच्या भानगडीत पडू नका. कोरोझिव्ह प्रायमर, नळी गंजते, आणि घोडा ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग उडते असाही प्रकार होतो. कपाटात ठेवा.

कुडाळचो_झील
इकडे गावाक बसून वाचतंय. आमच्याकडे माकडं आणि रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाचे परवाने, ठासणीची बंदूक आजोबांची, नूतनीकरणाला तारीख चुकली की हेलपाटे, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करा. निकाल लागेपर्यंत डुकरं भात खाऊन मोकळी, त्यांना आचारसंहिता नाही. आणि तुम्ही सांगताय केटल कॉर्न खात खात रायफल घेतली.

निवांत_नाना
झील, "त्यांना आचारसंहिता नाही" फ्रेम करून लावणार आहे :))

एच१बी_हमाल
एक बाळबोध प्रश्न. मी एच-१बी वर आहे, डॅलसलाच. शोला नुसतं बघायला जाऊ शकतो ना? आणि आवडली तर सिटिझन मित्राने त्याच्या नावावर घ्यायची, मी पैसे देणार, ग्रीनकार्ड येईपर्यंत त्याच्याकडे राहील. चालेल?

ह्यूस्टनचे_काका
नाही नाही नाही. फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो की खरा खरेदीदार तूच का. तुझ्या पैशाने तुझ्यासाठी मित्राने घेतली म्हणजे स्ट्रॉ परचेस. २०२२ पासून त्याला स्वतंत्र फेडरल गुन्हा केलाय, पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. मित्र आत आणि तू आत, आणि ग्रीनकार्डची फाईल कायमची बंद. बघायला खुशाल जा, तिकीट काढ आणि फिर.

पुण्याची_पण_कोलंबसची
यात अजून एक आहे, बऱ्याच देसी लोकांना माहीत नसतं. एच-१, एफ-१, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. त्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने हातात घेणं हेही बाळगण्यातच येतं. सूट आहे ती काही ठरावीक लोकांना, त्यातली नेहमीची म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स.

एच१बी_हमाल
काय सांगता, आमची अख्खी टीम गेली होती रेंजवर टीम आऊटिंगला, कुणी काही विचारलं नाही.

तात्या_प्लानो
विचारलं नाही म्हणजे चालतं असं नव्हे. रेंजच्या फॉर्मवर एक टिक मारायची जागा असते, तू न वाचता मारलीस.

मीनल_डेन्व्हर
आणि गांजाचं पण सांगा कुणीतरी. कोलोरॅडोत दुकानात मिळतो, कायदेशीर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ४४७३ वर स्पष्ट लिहिलंय की राज्यात चालत असला तरी फेडरल कायद्याने बेकायदाच. तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

शॉटगनवाले_शिर्के
सगळे शोच्या बाजूने आणि विरुद्ध, मी मध्ये. घेतलीय शोमधून, डीलर लायसन्सवाला, वापरलेली ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची शॉटगन. घेताना "जेमतेम शंभर गोळ्या झाडल्यात" म्हणाला. घरी आणून उघडून बघितलं तर बिजागरी सैल, बंद केल्यावरची पकड ढिली, गनस्मिथ म्हणाला हजारोंनी झाडल्यात. डीलरला फोन केला तर पावतीवरचं वाक्य वाचून दाखवलं, "ऑल सेल्स फायनल". दुकान असतं तर समोर जाऊन उभा राहिलो असतो, निदान त्याच्या इतर गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोललो असतो. शोमध्ये पुढच्या महिन्यात ते टेबल दुसऱ्या शहरात.

त्यामुळे जुनी घ्यायला जाताना: छोटा टॉर्च न्या, नळीतून बघा, परवानगी घेऊन उघडून बंद करून बघा, ओव्हर-अंडरची कानाजवळ धरून हलवून बघा खुळखुळते का. रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा हळू मागे ओढताना सिलिंडर वेळेवर लॉक होतं का. जुनी लष्करी रायफल असेल तर बोल्ट आणि बॉडीवरचे नंबर एकच आहेत का. बहुतेक शोमध्ये बंदुकांना झिप टाय लावलेले असतात, डीलरला काप म्हणून सांगायचं, खरा डीलर कापतो. नाही म्हणाला तर पुढच्या टेबलावर.

बेंटनविलचा_बाळ्या
+१. आणि शिर्के, तुमचा वाईट डीलर होता हो, सगळे तसे नसतात.

शॉटगनवाले_शिर्के
मान्य. पण कोण कसा हे शनिवारी सकाळी गर्दीत दहा मिनिटांत कसं कळणार हाच तर मुद्दा आहे. तुझ्या म्हाताऱ्याने तुला तासभर दिला, माझ्यामागे सहा जण उभे होते.

मृणाल_ऑस्टिन
डॉक्टर आहे म्हणून लिहिते, लेक्चर नाही. फ्रिस्कोकर, घरात मुलं आहेत का? बजेट करताना पिस्तूल आधी आणि तिजोरी नंतर "बघू" असं करू नका, आधी तिजोरी घ्या. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे. डीलरकडून हँडगन घेतली की सोबत कुलूप द्यावंच लागतं, जुनी असली तरी, शोमध्ये घाईत विसरतात, मागून घ्या. ते केबलचं कुलूप मात्र निव्वळ नाइलाजाची गोष्ट आहे, बिजागरीवाला जाड पत्र्याचा लॉकबॉक्स घ्या आणि फर्निचरला बोल्ट करा. आणि घरात कुणी निराशेतून जात असेल तर काही काळ ती घराबाहेर ठेवायची सोय करा, बरीच दुकानं ठेवून घेतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, दरोडेखोर नव्हे.

आळशी_अप्पा
मृणाल, मी विनोद करत होतो पण हे बरं झालं लिहिलंस.

फ्रिस्कोकर
सगळ्यांचे आभार. मुलगी सात वर्षांची आहे. तिजोरी आली, भिंतीला बोल्ट केली, ड्रिल मशीनवरून झालेलं भांडण इथे लिहीत नाही.

विकेंडला फोर्ट वर्थच्या शोला जाऊन आलो. ग्लॉक १९ तीन टेबलांवर विचारली, तिन्हीकडे आमच्या घराजवळच्या दुकानापेक्षा वर, एकाने तर कार्डाचे तीन टक्के धरून सहाशेचा आकडा ओलांडला. पण एक गोष्ट झाली जी दुकानात झाली नसती. बायकोने एका तासात डझनभर पिस्तुलं हातात धरून बघितली आणि ग्लॉक तिला नकोच झाली, पकड जाड वाटते म्हणे. वॉल्थरची पीडीपी एफ, बायकांच्या हाताच्या मापाने केलेली आहे, ती आवडली. ती शोमध्ये घेतली नाही, घराजवळच्या रेंजवर भाड्याने मिळते, आधी दोनशे गोळ्या झाडून मग तिथूनच घेणार. तिथे काही बिघडलं तर उभं राहायला जागा आहे, शिर्के म्हणाले तसं.

१०/२२ मात्र शोमध्ये घेतली. वापरलेली, अक्रोडाच्या लाकडाची, डीलरचं दुकान मॅकिनीला आहे हे आधी विचारलं (कोलंबसच्या ताईंचा नमस्कार). दोनशे साठ सांगितले, रविवार, दुपारचे साडेतीन, रोख दोनशे वीस. टॉर्चने नळी बघितली. चेक सात मिनिटांत आला, आडनाव पाटील नाही.

तात्या_प्लानो
दोनशे वीस ठीक. मी दोनशे दहाला आणली असती.

फ्रिस्कोकर
तात्या, तुम्ही ते तिथे उभं राहून सांगायला हवं होतं, मी बायकोला घेऊन गेलो होतो, तिने दोनशे चाळीसलाच "ठीक आहे हो" म्हटलेलं.

मीनल_डेन्व्हर
चेक करून, दुकान विचारून, तिजोरी आधी. मला अजूनही ते शो पटत नाहीत पण अशा पद्धतीने घेतलीत यावर माझं काही म्हणणं नाही.

एच१बी_हमाल
हंटिंग लायसन्सचं बघतोय. पंचवीस डॉलर दिसतंय टेक्सासच्या रहिवाशाला, पण वर हंटर एज्युकेशनचा कोर्स म्हणतायत. तो लागतोच का?

ह्यूस्टनचे_काका
२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर शिकारीला जाण्याआधी कोर्स लागतो. सतरा वर्षांवरच्यांना पूर्ण ऑनलाइन करता येतो. करून टाक, सुरक्षेचं चांगलं शिकवतात. लायसन्सची मुदत बघ, ऑगस्टअखेर संपतं, संपल्यावर तुझी सूटही संपली.

एच१बी_हमाल
काका धन्यवाद. पण मी शाकाहारी आहे, घरी आईला कळलं मुलाने हंटिंग लायसन्स काढलं तर ती पुढच्या फ्लाइटने येईल.

कुडाळचो_झील
आवशीक सांग शेतीसंरक्षणाचो परवानो आसा.